व्हिडिओ-खेळांचे संगीत : नोबुओ उएमात्सु यांच्या कारकीर्दीच्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

संगीताचा विचार करताना रचनाकार, वादक आणि श्रोता हे तीन घटक गृहीत धरण्याची प्रथा आहे. रचनेचा आरंभ कोठे व्हावा, तिचा विस्तार किती असावा आणि ती कोठे संपावी, हे रचनाकाराने अथवा वादकाने ठरवावे व श्रोत्याने ऐकावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. चित्रपटसंगीतातही हा संकेत मोडत नाही. दृश्य किती सेकंदांचे आहे हे संगीतकारास ठाऊक असते आणि तेवढेच संगीत तो रचतो. व्हिडिओ-खेळाच्या संगीतात मात्र हा संकेत उलटा होतो. खेळणारी व्यक्ती पडद्यावरील एखाद्या गावात दोन मिनिटे थांबेल की दोन तास, लढाई अर्ध्या मिनिटात संपेल की पराभव होऊन पुन्हा आरंभापासून लढावी लागेल, हे संगीतकारास आधी कळण्याचा मार्ग नसतो. रचना संगीतकाराची, परंतु तिची कालमर्यादा श्रोत्याच्या हाती, अशी ही विभागणी होय.

या विभागणीतून निर्माण होणारे प्रश्न समजून घेण्यास जपानी संगीतकार नोबुओ उएमात्सु यांची कारकीर्द विशेष उपयुक्त आहे. खेळाच्या यंत्रातील ध्वनिसाधने अत्यंत तुटपुंजी होती तेव्हा त्यांनी आरंभ केला, आणि पूर्ण वाद्यवृंद व मानवी कंठ खेळात उपलब्ध झाल्यावरही ते लिहीत राहिले. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न त्यांच्या संदर्भात नेमकेपणाने विचारता येतो : साधने अपुरी होती म्हणून त्यांची शैली घडली, की साधने अपुरी असूनही ती घडली? या प्रश्नाच्या उत्तरावर या संगीताचे मूल्यमापन अवलंबून आहे. पहिले उत्तर खरे असेल, तर ही शैली यंत्राबरोबरच कालबाह्य ठरते. दुसरे खरे असेल, तर यंत्राचा विचार केवळ इतिहासापुरता उरतो.

२. पूर्ववृत्त

उएमात्सु यांचा जन्म २१ मार्च १९५९ रोजी शिकोकु बेटावरील कोची या शहरी झाला. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. बालवयात ते स्वतःच पियानो वाजवण्यास शिकले. एल्टन जॉन या इंग्रज गायक-वादकाचा प्रभाव त्यांनी स्वतः वेळोवेळी मान्य केला आहे. कानागावा विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर हौशी वाद्यवृंदांत कळफलकवाद्य वाजवणे आणि जाहिरातींसाठी संगीत रचणे अशी कामे त्यांनी केली. टोकियो येथील ध्वनिमुद्रिका भाड्याने देणाऱ्या एका दुकानात ते नोकरीस असता ‘स्क्वेअर’ या खेळ तयार करणाऱ्या कंपनीतील परिचयातून त्यांना खेळांसाठी संगीत करण्याबद्दल विचारणा झाली. त्यांनी ते काम जोडधंदा म्हणून पत्करले. खेळासाठी संगीत रचणे हा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकेल, अशी कल्पना त्या काळी फारशा कोणाची नव्हती.

या कंपनीतच हिरोनोबु साकागुची यांच्याशी त्यांचा संबंध आला. साकागुची यांच्या नेतृत्वाखाली १९८७ च्या डिसेंबरात ‘फायनल फँटसी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. या मालिकेच्या पहिल्या नऊ मुख्य खेळांचे संगीत, म्हणजे १९८७ ते २००० या काळातील रचना, जवळजवळ सर्वस्वी उएमात्सु यांच्या आहेत. इतका दीर्घ आणि सलग रचनासंग्रह एका हातून निर्माण झाल्यामुळेच साधनांतील बदल आणि शैलीतील बदल हे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

३. पाच ध्वनिमार्ग

निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ साली जपानात विक्रीस आले. त्यात ध्वनीसाठी एकंदर पाच मार्ग होते. त्यांपैकी दोन मार्गांतून चौकोनी तरंगाचे स्वर निघत. त्यांच्या नादाचे चार प्रकार व आवाजाच्या सोळा पायऱ्या ठरलेल्या होत्या. तिसऱ्या मार्गातून त्रिकोणी तरंगाचा मृदू स्वर निघे. तो खर्जास योग्य, परंतु त्याचा आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती. चौथ्यातून केवळ खरखर निघे. तिचा उपयोग तालाघातासाठी अथवा स्फोटाच्या आवाजासाठी होई. पाचव्यातून अतिशय ओबडधोबड स्वरूपात मुद्रित ध्वनी वाजवता येत असे. एका मार्गातून एका वेळी एकच ध्वनी, हा नियम अटळ होता.

याखेरीज आणखी एक अडचण होती. तलवारीचा खणखणाट, दार उघडल्याचा आवाज इत्यादी ध्वनीही याच पाच मार्गांतून काढावे लागत. असा ध्वनी वाजू लागला की त्या मार्गातील संगीताचा स्वर तेवढ्यापुरता लुप्त होई. म्हणून कोणता स्वर क्षणभर नाहीसा झाला तरी रचना ओळखू येईल, याचा हिशेब संगीतकारास ठेवावा लागे. जागेची टंचाई तर फारच होती. पहिला ‘फायनल फँटसी’ हा संपूर्ण खेळ, त्यातील चित्रे, मजकूर आणि संगीत यांसह, २५६ किलोबाइटच्या कार्यक्रमात बसवलेला होता.

अशा परिस्थितीत स्वरांची समृद्धी मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे स्वरसंगतीतील स्वर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवणे हा होय. ‘फायनल फँटसी’ची प्रास्ताविक रचना या युक्तीचे उत्तम उदाहरण आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर षड्ज, ऋषभ, गांधार व पंचम हे चार स्वर एकाहून एक वरच्या सप्तकांत चढत जातात आणि त्याच वाटेने खाली येतात. नंतर धैवत, निषाद, वरचा षड्ज व गांधार यांचा असाच चढउतार होतो. कान या सुट्या स्वरांची आपोआप जुळणी करतो, आणि एकाच मार्गातून निघणाऱ्या ध्वनीतून संपूर्ण स्वरमेळाचा भास होतो.

दुसरी गरज आवर्तनाची. जागा थोडी आणि श्रोत्याचा मुक्काम अनिश्चित, यामुळे प्रत्येक रचना शेवटास पोहोचताच आरंभाकडे वळली पाहिजे, आणि हा सांधा कानास खटकता कामा नये. विसाव्या आवर्तनातही जी ऐकवेल अशी चाल रचणे हे या व्यवसायाचे खरे कसब. नुसता नादाचा परिणाम वारंवार ऐकला असता बोथट होतो. स्पष्ट आकाराची चाल मात्र पुनरावृत्तीने मनात अधिक दृढ होते. उएमात्सु यांच्या रचनांत चालीस जे प्राधान्य आढळते, त्याचे एक कारण येथे सापडते.

तिसरा विशेष म्हणजे या संगीताचे संकेतात्मक स्वरूप. लढाई जिंकताच वाजणारा विजयध्वनी १९८७ साली जो होता, तोच थोड्याफार फरकाने पुढील अनेक खेळांत कायम राहिला. खेळाचे कथानक, पात्रे आणि जग दर वेळी नवे. परंतु हा ध्वनी आणि वर सांगितलेली प्रास्ताविक रचना ही जुनीच. भाषेत शब्दसंग्रह बदलत असता प्रत्यय टिकून राहतात आणि त्यांवरून भाषेची ओळख पटते, तसाच हा प्रकार आहे.

४. कंठाविना गायन

१९९० साली आलेल्या ‘सुपर फॅमिकॉम’ यंत्रात आठ ध्वनिमार्ग होते. त्याचा ध्वनिविभाग सोनी कंपनीचे अभियंते केन कुतारागी यांनी सिद्ध केला होता. मुख्य फरक असा की, येथे यंत्र केवळ तरंग निर्माण करीत नसे, तर खऱ्या वाद्यांच्या ध्वनीचे लहान नमुने साठवून ते हव्या त्या स्वरात वाजवी. तथापि ध्वनीसाठीची स्मृती अवघी ६४ किलोबाइट होती. वाद्यांचे नमुने, रचनेची मांडणी आणि ती वाजवणारा कार्यक्रम ही सर्व तेवढ्यातच सामावावी लागत. १९९१ च्या चौथ्या खेळात जुन्या प्रास्ताविक स्वरमालेवर एक स्वतंत्र चाल आली. वाढलेल्या मार्गांचा हा थेट लाभ होता.

या काळातील सर्वांत लक्षणीय प्रयोग १९९४ च्या सहाव्या खेळात आढळतो. कथानकातील सेलेस ही स्त्री-सेनानी एका ऑपेरातील गायिकेचे सोंग घेऊन रंगमंचावर जाते आणि गाते. यंत्रास मानवी गायन पुनरुत्पादित करणे शक्य नव्हते. उएमात्सु यांनी कंठाचा भास होईल असा एक कृत्रिम ध्वनी चालीसाठी योजला, आणि गीताचे शब्द त्याच वेळी पडद्यावर अक्षरांत दाखवण्यात आले. एकही अक्षर उच्चारले जात नाही; सूर यंत्राचा, अर्थ लिपीचा, आणि त्या दोहोंचा संयोग वाचकाच्या मनात. शिवाय गीताची पुढील ओळ कोणती, हे खेळणाऱ्यानेच आठवून निवडावे लागते. अशा रीतीने श्रोता हा गायनाचा भागीदार होतो. याच चालीवर सेलेसचे स्वतंत्र विषयसंगीतही आधारलेले असल्याने पुढे ती चाल ऐकू येताच तो प्रसंग स्मरतो. पात्रास चाल बांधून देण्याची ही पद्धत वाग्नरच्या संगीतनाटकांपासून परिचित आहे. परंतु येथे ती लक्षावधी घरांतील लहान दूरचित्रवाणी संचांवर अवतरली. त्याच वर्षी निघालेल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेत हे गीत इटालियन भाषेत प्रत्यक्ष गायिले गेले.

या व्यवसायातील श्रमाचे स्वरूपही येथे नोंदवले पाहिजे. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’ या खेळाचे संगीत यासुनोरी मित्सुदा या तरुणाकडे सोपवलेले होते. तत्पूर्वी ते त्याच कंपनीत खेळांतील आवाज तयार करण्याचे काम करीत. अतिश्रमामुळे पोटात व्रण होऊन ते आजारी पडले, आणि राहिलेल्या रचना उएमात्सु यांनी पूर्ण केल्या. मुदतीत खेळ बाजारात आला पाहिजे, ही सक्ती स्वरांच्या सक्तीपेक्षा कमी कठोर नव्हती.

५. मानवी कंठाचा प्रवेश

१९९४ च्या ‘प्लेस्टेशन’ यंत्रात चोवीस ध्वनिमार्ग आणि तबकडीचे विपुल साठवण होते. वस्तुतः संपूर्ण संगीत मुद्रित करून तबकडीवर ठेवता आले असते. तरीही १९९७ च्या सातव्या खेळात बहुतेक संगीत यंत्राच्या ध्वनिविभागातूनच वाजते; कारण तबकडीवरून ध्वनी वाचण्यास लागणारा वेळ खेळाच्या ओघास बाधक ठरला असता. अंतिम लढाईच्या रचनेत मात्र समूहगायनाचे तुकडे नमुन्यांच्या रूपाने घातले आहेत. त्यांचे लॅटिन शब्द ‘कार्मिना बुराना’ या मध्ययुगीन काव्यसंग्रहातून घेतलेले आहेत. ही रचना आरंभापासून शेवटापर्यंत सलग लिहिलेली नाही. दररोज सुटे सांगीतिक तुकडे सुचतील तसे लिहून नंतर ते जुळवले गेले. स्त्राविन्स्कीच्या वाद्यवृंद-रचनेचा आणि रॉक संगीताचा संगम घडवण्याचा तो हेतुपुरस्सर प्रयत्न होता.

१९९९ च्या आठव्या खेळाचा आरंभ पूर्ण समूहगायनाने होतो. त्यात ‘फिथोस लुसेक वेकोस विनोसेक’ असे शब्द ऐकू येतात. ते लॅटिन भासतात, परंतु लॅटिन नाहीत. ‘सक्सेशन ऑफ विचेस’ (चेटकिणींची परंपरा) आणि ‘लव्ह’ (प्रेम) या इंग्रजी शब्दांची तेवीस रोमन अक्षरे उलटसुलट करून ते बनवले आहेत. कथानकाची दोन सूत्रे त्यांत दडलेली आहेत. शब्दान्तीचे ‘ओस’ आणि मधले ‘स’कार यांमुळे जपानी, इंग्रजी अथवा मराठी कोणत्याही श्रोत्यास प्राचीन मंत्राचा भास व्हावा, हे विशेष. अर्थ लोपला असता भाषेच्या ध्वनिरूपात किती सूचकता उरते, याचे हे उदाहरण अभ्यासनीय आहे. १९९४ मध्ये शब्द होते पण कंठ नव्हता; १९९९ मध्ये कंठ होता पण शब्दांचा उघड अर्थ नव्हता.

त्याच खेळातील ‘आइज ऑन मी’ हे गीत चिनी गायिका फेय वाँग यांनी इंग्रजीत गायिले आणि ते जपानात खेळाबाहेरही लोकप्रिय झाले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जलनृत्य जोडीने या खेळाच्या प्रारंभीच्या समूहगीताची निवड केली.

६. खेळाबाहेर

खेळाचे संगीत रंगमंचावर आणण्याचा आरंभ कोइची सुगियामा यांनी १९८७ साली टोकियोत ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या मैफलीने केला होता. उएमात्सु यांच्या रचनांचा मोठा कार्यक्रम २० फेब्रुवारी २००२ रोजी टोकियोत झाला. २००४ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने त्यांच्या रचना सादर केल्या, आणि २००७ च्या डिसेंबरात स्टॉकहोम येथून ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ ही जगभर फिरणारी मैफलींची मालिका सुरू झाली. ब्रिटनमधील क्लासिक एफ. एम. या नभोवाणी केंद्राच्या श्रोत्यांनी २०१३ साली आवडत्या संगीताच्या क्रमवारीत ‘फायनल फँटसी’च्या संगीतास तिसरे स्थान दिले. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटन-संचलनात जो विजयध्वनी वाजला, तो मूळचा चौकोनी तरंगांसाठी लिहिलेला होता.

दरम्यान २००१ च्या दहाव्या खेळात त्यांनी जुन्या पद्धतीने एकट्याने न लिहिता दोन सहकाऱ्यांबरोबर रचना केली, आणि २००४ साली कंपनीतील नोकरी सोडून ‘स्माइल प्लीज’ ही स्वतःची संस्था काढली. त्यानंतर ते स्वतंत्रपणे काम घेऊ लागले. २०१८ साली प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना काम थांबवावे लागले. पुढे ते परतले, आणि साकागुची यांच्याच ‘फँटेसियन’ (२०२१) या खेळास त्यांनी संगीत दिले.

७. समारोप

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. साधनांची मर्यादा हेच शैलीचे कारण असते, तर मर्यादा दूर होताच शैली लोपली असती. तसे झाले नाही. पाच मार्गांसाठी लिहिलेल्या चाली शंभर वादकांच्या वृंदातही उभ्या राहतात, आणि वृंद उपलब्ध झाल्यानंतरच्या रचनांतही चालीचे प्राधान्य कायम आहे. उलट, मर्यादांचा काहीच वाटा नाही असेही म्हणता येत नाही. आवर्तन, स्वरसंगतीची उकल, संकेतरूप ध्वनींची पुनरावृत्ती ही या संगीताची अंगे यंत्राच्या गरजेतूनच आली आणि गरज संपल्यावरही टिकली. वृत्ताचे बंधन कवीस काय म्हणावे हे सांगत नाही. कसे म्हणता येईल, एवढेच ठरवते. यंत्राने येथे व्याकरण पुरवले. वाक्ये रचनाकाराची आहेत.

एक गोष्ट मात्र रंगमंचावर येऊ शकत नाही. मैफलीत रचनेची कालमर्यादा पुन्हा वादकाच्या हाती जाते, आणि ऑपेरातील पुढील ओळ निवडण्याचे काम श्रोत्याकडे उरत नाही. म्हणून या संगीताच्या अभ्यासकास केवळ स्वरलिपी अथवा ध्वनिमुद्रिका पुरेशी नाही. मूळ यंत्रे आणि मूळ खेळ चालू स्थितीत जतन करणे हा या विषयाच्या संशोधनाचा पाया आहे. तो ढासळला, तर चाली उरतील, परंतु श्रोत्याच्या हाती काळ देणारी ही संगीतपद्धती केवळ वर्णनातच शिल्लक राहील.