आधी चार आकडे, मग हेड

“इंजिन कामाला आलंय, खाली उतरवावं लागेल.” जुन्या गाडीचा पिकअप गेला आणि ती मिस मारू लागली की हे वाक्य कानावर येतंच. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटून गेली. तिचे अस्सल सुटे भाग मिळवताना नाकीनऊ येतात. अशा गाडीचं इंजिन नुसत्या अंदाजावर खोलणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मुंबईतल्या एका गॅरेजात वयस्क मेकॅनिक मामा कम्प्रेशन गेज घेऊन पद्मिनीपाशी आले, तेव्हा मी काम संपेपर्यंत तिथून हललो नाही.

इंजिन गरम करून चारही प्लग काढले. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची जाड वायर काढून अर्थ केली. पहिल्या प्लगच्या भोकात गेज बसवून मामा म्हणाले, “साहेब, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा.” अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही तर सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही, आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. बॅटरी उतरलेली असली तरी तीच फसगत होते.

पाटीवर खडूने आकडे उमटले: १२५, १२०, ७०, १२० पौंड. चारही आकडे सारखेच खाली असते तर ती वयाची झीज म्हणता आली असती. दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडले असते तर आधी हेड गॅस्केटवर संशय गेला असता. इथे एकटा तिसराच मागे होता. काट्याची चालही मामांनी हेरली. रिंग झिजल्या असतील तर काटा पहिल्या ठोक्याला कमी दाखवतो, पण पुढे चढत जातो. इथे तो सुरुवातीलाच अडला आणि तिथेच राहिला.

मग त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. ऑइल रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवतं, त्यामुळे दोष रिंगचा असता तर आकडा उसळला असता. तो जेमतेम पाच पौंडांनी हलला. टॅपेट फार घट्ट असला तरी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, म्हणून फिलर गेज घालून तेही तपासलं. गॅप बरोबर होती.

शेवटची परीक्षा मला सर्वांत आवडली. तिसरा पिस्टन कम्प्रेशनच्या ठोक्यात अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला आणि प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा सोडली. हवा कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा गेलेलं हेड. मामांनी मला मागे पाठवलं. सायलेन्सरच्या नळीतून स्पष्ट सूं सूं येत होतं.

हेड उघडल्यावर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळालेली दिसली. व्हॉल्व्ह बदलला, सीट घासली, नवं गॅस्केट घातलं. पिस्टन, रिंग, क्रँक यांना कुणी हातही लावला नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे: इंजिन उतरवायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा, ऑइल घालण्याआधीचा आणि नंतरचाही.