पूर्वजांचा माग – भाग ५ : खानेसुमारीने मोजलं, वावराने जपलं

मागच्या आठवड्यात आपण घरातली पत्र्याची पेटी उघडली. तिच्यातल्या पावत्या, पोथीच्या मागच्या पानावरच्या नोंदी आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून तीन गोष्टी मिळवायच्या होत्या : पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि मूळ गाव. आज या तीन गोष्टी घेऊन सरकारी दप्तराकडे जाऊ. वर्धा जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब समोर ठेवू, कारण इथले कागद विदर्भाबाहेरच्या वाचकाला अनोळखी वाटतात आणि इथल्याच वाचकाला ते आपल्या तहसिलीत असल्याचं पुष्कळदा ठाऊक नसतं.

पहिला विचार येतो तो जनगणनेचा. इंग्रज सरकारने दर दहा वर्षांनी माणसं मोजली, म्हणजे आपला पणजा त्या कागदांत असणारच. आणि तो खरोखर होता. वर्धा तेव्हा ज्या प्रांतात होता, त्या मध्य प्रांतात ५ नोव्हेंबर १८६६ रोजीच पहिली गणती झाली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी खानेसुमारी झाली. घरांवर गेरूने आकडे घातले गेले. पटवारी आणि शाळामास्तर प्रगणक झाले. नाव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, लिहिता-वाचता येतं का, असे रकाने भरले गेले. तुमच्या पणजोबांच्या दारातही कुणीतरी कंदील घेऊन उभं राहिलं आणि त्यांचं नाव लिहून घेतलं.

पण ते नाव उरलं नाही. खानेसुमारीला आकडे हवे होते. १९०१ मध्ये प्रत्येक माणसासाठी वेगळी चिठ्ठी करायची पद्धत आली. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा असे. चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून मोजणी झाली, कोष्टकं छापली गेली आणि काम संपल्यावर मूळ कागद नष्ट झाले. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी जनगणनेचे मूळ कागद लोकांसाठी खुले होतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडे अशी मुदत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार कुणाचीही वैयक्तिक नोंद पाहायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा १९०१ च्या जनगणनेतला आजोबांचा उतारा कुठे मिळेल, या प्रश्नाला एकच उत्तर आहे : मिळणार नाही.

पण म्हणून जनगणना बाजूला ठेवू नका. तिच्यात नाव नसलं तरी काळ आहे. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४,००,८५४ होती आणि १९०१ मध्ये ३,८५,१०३ भरली. दहा वर्षांत वाढ व्हायची ती झाली नाहीच, उलट पंधरा हजारांहून अधिक माणसं कमी झाली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आहेत. ‘बुढा दुष्काळात गाव सोडून इकडे आला’ एवढंच तुमच्या घरी सांगत असतील, तर त्या वाक्याला आता साल मिळण्याची शक्यता आहे.

नाव मात्र दुसरीकडे शोधायचं. सरकारला ज्याच्याकडून दरवर्षी काही घ्यायचं असतं, त्याचं नाव ते जपून ठेवतं. तुमच्या पणजोबांचं नाव टिकलं असेल तर ते शेतसाऱ्यामुळे.

इथे वर्धा नदीचा विचार करावा लागतो. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड. तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी स्वतः सरकारचा खातेदार. पूर्वेला वर्धा जिल्हा. हा भाग भोसल्यांच्या नागपूर राज्यातला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि त्यानंतर राज्य खालसा झालं. इथे इंग्रजांनी गावाची मालकी मालगुजाराला दिली. सारा सरकारात भरणारा मालगुजार आणि त्याच्या हाताखाली कुळं. त्यामुळे सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर झाली असली, तरी अलीकडच्या आणि पलीकडच्या आजोबांचे कागद वेगळे. अलीकडच्या, म्हणजे वर्ध्याच्या काठावर जुन्या बंदोबस्ताची (सारा ठरवणाऱ्या पाहणीची) मिसल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, जमाबंदी, म्हणजे साऱ्याची यादी, आणि खसरा, म्हणजे शेतवार नोंदवही, शोधायची.

त्या कागदांत आडनावाची वाट पाहू नका. ‘महादेव वल्द गणपत’, पुढे जात, पुढे मौजा, अशी नोंद असते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून पणजोबांच्या वडिलांचं नाव घरूनच घेऊन निघा, असं मागच्या भागात सांगितलं होतं. एकाच गावात तीन महादेव निघतील, पण गणपतचा महादेव बहुधा एकच असेल. नावापुढचा शब्दही नीट वाचा. ‘मौरूसी’ असेल तर त्या कुळाला जमिनीवरून सहज काढता येत नव्हतं आणि हक्क वारसांकडे जात होता. ‘मालिक मकबुजा’ असेल तर आपल्या तुकड्यापुरता तो स्वतःच मालक होता. ‘सीर’ किंवा ‘खुदकाश्त’ असेल तर ते वावर मालगुजाराच्या घरच्या शेतीचं. या एका शब्दावरून पणजोबा धुऱ्यावर कोणत्या हक्काने उभे होते ते कळतं.

गावाचा पत्ताही जुन्या हिशेबाने शोधायचा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचा कागद नागपूरच्या नावाने असेल. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आलं आणि तिथेच आजचं वर्धा शहर वसलं. आज तालुके आठ आहेत, पण जुन्या तहसिली तीनच : वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी. कारंजा किंवा आष्टीकडचं गाव आर्वीच्या दप्तरात, समुद्रपूरकडचं हिंगणघाटच्या आणि सेलू-देवळीकडचं वर्ध्याच्या दप्तरात पाहायचं.

आता कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देई आणि ती पुस्तकात चढे. जातपडताळणीसाठी अनेक कुटुंबांनी त्याची नक्कल काढलेली असते, पण एका ओळीपुरतीच. तुम्ही आजूबाजूची पानंही मागा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेकदा नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच मिळतं. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं : ताप, पटकी, देवी, सर्पदंश. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं हाती आली तर सावकाश वाचा. इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीने मध्य प्रांत-वऱ्हाडाला देशात सर्वांत जबर तडाखा दिलेल्या भागांत नेऊन बसवलं, आणि गावच्या पुस्तकात त्या साथीचं नाव ‘ताप’ एवढंच असतं. एकाच आठवड्यात एकाच घरातली दोन-तीन माणसं त्या शब्दापुढे सापडली, तर आजोबा मामाकडे का वाढले हे कुणी न सांगता कळतं.

१९५१ हे साल तर प्रत्येक वर्धेकर शेतकरी घराने लाल रेघ ओढून लिहून ठेवावं. मार्चच्या सुरुवातीला स्वतंत्र भारताची पहिली जनगणना पूर्ण झाली आणि ३१ मार्चला मालगुजारी संपली. त्या जनगणनेपासून जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघू लागली आणि तिच्यात गाववार आकडे आले. शेतीवर जगणाऱ्यांचे चार वर्ग केले होते : स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर आणि न कसता खंड घेणारे. यात वारसाने चालणारा कायम कब्जा असलेलं कूळही ‘स्वतःची जमीन’ असलेल्यांत धरलं होतं, हे ध्यानात ठेवा. तुमच्या गावची ओळ काढा. त्या चार आकड्यांपैकी एकात तुमचे आजोबा आहेत.

कोणत्या आकड्यात, ते सांगायला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आहे. मालगुजारी गेल्यावर जमीन कुणाच्या नावे राहिली ते तिथे लिहिलेलं असतं. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार एकेक करून मागे जा आणि या अभिलेखापर्यंत पोचा, तिथून खसऱ्यात उतरा. दुवा सहसा तुटत नाही. १९५१ च्या गणतीच्या चिठ्ठ्यांवरून नावानिशी एक राष्ट्रीय नागरिक नोंदवहीही तयार झाली होती. ती ज्या गावाची टिकली असेल त्या गावाचं भाग्य, कारण जनगणनेतून नाव हाती लागण्याची तीच एक वाट आहे.

नकलेचा अर्ज तहसिलीच्या अभिलेख कक्षात द्यायचा. नकाशे आणि मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात. त्याहून जुनं काही हवं असेल तर नागपूरचं विदर्भ अभिलेखागार. अर्जात मौजा, जुनी तहसील, साल आणि ‘वल्द’सकट नाव लिहा. ‘आमच्या पूर्वजांची सर्व माहिती मिळावी’ अशा अर्जावर कारकुनाला काही शोधता येत नाही.

या सगळ्या कागदांतून फिरताना एक गोष्ट मला फार लागते. सारा भरणाऱ्याचं नाव टिकलं. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्या सालदाराचं नाव जन्म-मृत्यूच्या पुस्तकापलीकडे क्वचितच सापडतं. आणि पणजी? ती जन्मली तेव्हा बापाचं नाव लिहिलं गेलं. तिला मूल झालं तेव्हा नवऱ्याचं. खसऱ्यात ती पहिल्यांदा येते ती नवरा गेल्यावर, नावापुढे ‘बेवा’ हा शब्द लागून. हातात विळा घेऊन जिने ते वावर उभं आयुष्य राखलं, तिचं नाव कागदावर यायला तिला विधवा व्हावं लागलं. फेरफाराच्या पंजीत अशी ओळ दिसली तर तिची नक्कल वेगळी काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : ही कुठली, हिचं माहेर कोणतं? त्या उत्तराचा कागद सरकारकडे नाही. तो तुम्हालाच लिहायचा आहे आणि पेटीत ठेवायचा आहे.

पुढच्या आठवड्यात : शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कसं वाचायचं, आणि इतक्या आजोबांचा जन्म १ जुलैलाच कसा झाला.