स्थिर आय.पी. पत्ता

स्थिर आय.पी. पत्ता म्हणजे सेवा पुरवठादाराने आंतरजालाच्या जोडणीला नेमून दिलेला, राउटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी न बदलणारा क्रमांक होय. व्यवहारात यास ‘स्टॅटिक आयपी’ असे म्हणतात. वेळोवेळी बदलणाऱ्या क्रमांकास बदलता किंवा ‘डायनॅमिक’ पत्ता म्हणतात. घरगुती जोडण्यांना बहुधा बदलता पत्ता मिळतो. स्थिर पत्त्यासाठी सामान्यतः वेगळे शुल्क असते.

स्वरूप

आय.पी. पत्ता टपालाच्या पत्त्याप्रमाणे जागेशी बांधलेला नसतो. ४०१६०६ हा पिन क्रमांक तलासरीचा आहे, हे ठरलेले असते, आय.पी. पत्ता मात्र पुरवठादाराच्या साठ्यातून दिला जातो. त्यामुळे डहाणूतील ग्राहकाचे ठिकाण एखाद्या संकेतस्थळाला मुंबई असे दिसू शकते.

घरातील उपकरणांना राउटर देतो तो, १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारा पत्ता खासगी असतो. तो राउटरमध्ये कायम करून ठेवला, तरी त्यामुळे जोडणीला स्थिर सार्वजनिक पत्ता मिळत नाही.

पत्त्यांची टंचाई

आय.पी.च्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते ३२ बिटांचे असल्यामुळे त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. या टंचाईमुळे अनेक पुरवठादार, विशेषतः मोबाइल कंपन्या, एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरू देतात. अशा जोडणीपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. सहाव्या आवृत्तीतील पत्ते १२८ बिटांचे असल्याने तेथे टंचाई नाही. तथापि तो पत्ताही आपोआप स्थिर असतोच असे नाही.

आवश्यकता

ग्राहकाला केवळ आंतरजालावरील सेवा वापरायच्या असतील, तर बदलता पत्ता पुरेसा असतो. बाहेरच्या संगणकाने ग्राहकाच्या जोडणीपर्यंत थेट यायचे असेल, किंवा समोरची संस्था ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देत असेल, तेव्हा स्थिर पत्ता उपयोगी पडतो.

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. घोलवड-बोर्डी परिसरातील चिकू बागायतदाराने बाजारभाव पाहणे, पाड्यावरील विद्यार्थ्याने प्रवेश अर्ज भरणे, सेवा केंद्रातून दाखल्यासाठी अर्ज करणे, यांपैकी कशासाठीही स्थिर पत्ता लागत नाही. बागेतील कॅमेऱ्याचे चित्र कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत मोबाइलवर येत असेल, तर तेथेही तो अनावश्यक आहे. याउलट, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या एखाद्या कारखान्यात हिशेबाचा सर्व्हर असेल आणि मुंबईतील कार्यालयाला तो थेट उघडायचा असेल, तर स्थिर पत्ता सोयीचा ठरतो.

स्थिर पत्त्यामुळे आंतरजालाचा वेग वाढत नाही. वीज गेल्यास किंवा केबल तुटल्यास इतरांप्रमाणे ही जोडणीही बंद पडते.

सुरक्षितता

कायम असलेला पत्ता घुसखोरांनाही पुन्हा पुन्हा सापडतो. म्हणून राउटर व कॅमेऱ्याचे मूळ पासवर्ड बदलणे, अनावश्यक पोर्ट बंद ठेवणे आणि दूरस्थ कामासाठी व्ही.पी.एन. वापरणे आवश्यक ठरते.

पत्ता आणि व्यक्तीची ओळख

बदलता पत्ता आज एका ग्राहकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असू शकतो. त्यामुळे तपासात पत्त्याबरोबर नेमकी वेळही जुळावी लागते. ऑगस्ट २००७ मध्ये ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका अभियंत्यास अटक केली. आय.पी. पत्त्याविषयी मिळालेली माहिती चुकीची असल्याचे नंतर उघड झाले. तोवर त्यास सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले होते.

स्थिर पत्त्यामुळे ग्राहकाची नोंद शोधणे सोपे होते. तरीही पत्त्यावरून जोडणी कळते, ती वापरणारी व्यक्ती कळत नाही. जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फाय जोडणीपर्यंत पोहोचला होता. ती जोडणी परक्याने वापरल्याचे तपासात आढळले. पत्ता स्थिर असो वा बदलता, वाय-फायला पासवर्ड असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.