खडूचें वर्तुळ

कारखान्याची खरी स्थिति हिशेबाच्या वह्यांत सांपडते, असा सामान्यतः समज असतो. परंतु वही सांगते ती होऊन गेलेली गोष्ट. काम कोठें अडतें, मनुष्य हात बांधून कां उभा राहतो, हें कामाच्या जागींच कळतें. जपानांतील टोयोटा मोटार कारखान्याचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

१९५० सालीं हा कारखाना डबघाईस आला होता. गाड्या खपत नव्हत्या, कामगार कमी करण्यावरून मोठा तंटा झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावें लागलें. त्याच वर्षीं त्यांचे चुलतबंधु एइजी टोयोडा अमेरिकेंत फोर्डचे कारखाने पाहण्यास गेले. तेथील अवाढव्य यंत्रसामग्री विकत घेणें शक्यच नव्हतें. पण कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागविण्याची तेथील पद्धति त्यांनीं हेरली, व १९५१ सालीं ती टोयोटांत सुरू झाली.

ताइइची ओनो यांची दृष्टि तर याहून निराळ्याच ठिकाणीं गेली. अमेरिकेंतील मोठ्या किराणा दुकानांत गिऱ्हाईक हवा तेवढाच माल स्वतः फळीवरून उचलतें आणि दुकानदार रिकामी झालेली तेवढीच जागा भरतो, असें त्यांच्या ऐकिवांत आलें होतें. कारखान्यांतही पुढचा कामगार म्हणजे गिऱ्हाईक आणि मागचा म्हणजे दुकानदार, असें त्यांनीं मानलें. १९५३ सालीं आपल्या यंत्रशाळेंत त्यांनीं ही रीति लावून पाहिली आणि १९५६ सालीं तीं दुकानें प्रत्यक्ष पाहिलीं. सुट्या भागांबरोबर फिरणारी 'कानबान' नांवाची चिठ्ठी याच विचारांतून आली.

नवशिक्या अधिकाऱ्यास ओनो जमिनीवर खडूनें काढलेल्या वर्तुळांत उभें करीत व नुसतें पाहत राहण्यास सांगत, अशी त्यांच्या शिष्यांची आठवण आहे. कांहीं तासांनीं येऊन ते, काय दिसलें, एवढेंच विचारीत. या शिक्षणाचें मर्म त्या तासांत आहे. पहिल्या घटकेस सर्व सुरळीत चाललेलें दिसतें. मग एकाच हत्यारासाठीं वारंवार वांकणारा मनुष्य दिसूं लागतो. ज्याला आळशी समजलें, तो मागून माल न आल्यामुळें थांबला आहे, हें उमगतें. दोष मनुष्याचा नसून मांडणीचा असतो.

मात्र निरीक्षण आणि पाळत यांत मोठें अंतर आहे. पाळत ठेवणारा चूक करणाऱ्यास शोधतो, तर निरीक्षक चुकीचें कारण शोधतो. नव्या कचेरींत पाऊल टाकणाऱ्या तरुणानें आणि तेथील वरिष्ठानेंही हा भेद ध्यानांत ठेवावा. मत देण्यापूर्वीं चार दिवस डोळे उघडे ठेवून पाहणें, हा कोणत्याही धंद्याचा पहिला धडा होय.