भूल नव्हे, केवळ शिथिलता

पोटाचे स्नायू ताठ राहिले तर सर्जनला आतपर्यंत पोहोचता येत नाही आणि स्वरतंतू मिटलेले असतील तर श्वासनलिकेत नळी जात नाही. म्हणून भूलतज्ज्ञ झोपेच्या आणि वेदनाशामक औषधांच्या जोडीला स्नायू शिथिल करणारे औषध देतात. त्याचे कार्यक्षेत्र मात्र अगदी चिंचोळे असते. चेतातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यात सुमारे 50 नॅनोमीटरची फट असून चेतातंतूचा आदेश ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने ती ओलांडतो. स्नायूवरील ग्राहीवर, म्हणजे हा निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर, त्याचे दोन रेणू बसले की सोडियमला वाट मिळते आणि स्नायू आकुंचन पावतो.

दक्षिण अमेरिकेतील शिकाऱ्यांचे बाणांना लावायचे विष, क्युरारे, नेमकी हीच जागा अडवते. 1942 साली माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरले. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी ते स्वतःला टोचून घेतले, तेव्हा सारे शरीर लुळे पडूनही त्यांची शुद्ध आणि वेदनेची जाणीव शाबूत होती. निश्चल पडलेला रुग्ण झोपलेलाच असतो असे नाही, हे तेव्हा निर्विवाद ठरले.

आजची व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधेही ग्राही अडवूनच बसतात. परंतु ग्राही इतके मुबलक असतात की सुमारे 70 टक्के अडेपर्यंत स्नायूची ताकद घटलेली सहसा कळतही नाही, आणि म्हणूनच रुग्णाचा हात हलू लागला म्हणजे औषध पुरते उतरले, असे मानणे धोक्याचे.

भूलतज्ज्ञ ज्याला ‘स्कोलिन’ म्हणतात त्या सक्सिनिलकोलिनची रीत उलटी आहे. ॲसिटिलकोलिनचेच दोन रेणू जोडून बनलेले हे औषध ग्राहीला आधी उत्तेजित करते, त्यामुळे अंगभर बारीक थरथर उमटते, आणि मग उत्तेजना ओसरतच नसल्याने स्नायू पुढच्या आदेशाला दाद देत नाही. मिनिटभरात लागू पडणारे हे औषध रक्तातील एक विकर काही मिनिटांत मोडून टाकते. हे विकर जन्मतः सदोष असेल, तर मात्र रुग्णाला कित्येक तास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. भारतात आर्य वैश्य समाजात हा आनुवंशिक दोष तुलनेने अधिक आढळला आहे. घरात कोणाला भुलीनंतर श्वास परतायला असा विलंब झाला असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला ते न विचारताच सांगावे.