रहस्यपटांतील दुभंगलेली मने

1956 च्या नोव्हेंबरात भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, सरकारी दप्तरांच्या मागोमाग पुष्कळ मराठी कुटुंबे या तलावांच्या शहरी आली. बिऱ्हाडाबरोबर त्यांनी गणेशोत्सव आणला, नाटकाची आवड आणली. आणि मराठी माणसाने कोठेही गेले तरी न सोडलेली एक सवयही आणली. घरात कोणाचे मन बिघडले तर त्याची वाच्यता करावयाची नाही. पाहुणे आले की अशा माणसाला आतल्या खोलीत बसवावयाचे. बाहेरच्या खोलीत मात्र भ्रमिष्ट नायकाचा रहस्यपट सर्वांनी मिळून श्वास रोखून पाहावयाचा. पडद्यावरच्या वेड्याची कणव येते आणि आतल्या खोलीतल्याची लाज वाटते, असे का व्हावे?

ही कणव कशी निर्माण केली जाते, हे हिचकॉकच्या ‘सायको’ या 1960 च्या चित्रपटात फार स्पष्ट दिसते. आडवाटेवरील एक विश्रामगृह चालविणारा नॉर्मन हा लाजाळू, मातृभक्त तरुण. तेथे उतरलेल्या स्त्रीचा खून होतो. तो आईनेच केला, अशी प्रेक्षकाची समजूत होते. बिचारा मुलगा रक्त पुसतो, प्रेत मोटारीत घालतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी नॉर्मनबरोबर प्रेक्षकही चरकतो आणि ती एकदाची बुडावी असे मनोमन इच्छितो! खुनाचा पुरावा नष्ट व्हावा, असे सभ्य गृहस्थांनाही वाटावयास लावणे ही दिग्दर्शकाची करामत खरीच. परंतु ही सहानुभूती खरी गोष्ट दडवून मिळविलेली आहे. आई केव्हाच मेलेली असून तिचे सोंग घेऊन खून करणारा हाच, हे कळल्यावर तिचे काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आपल्याकडे या कथांचा मार्ग थोडा निराळा आहे. आपल्या समाजात मन बिघडले की पहिला संशय भुताखेतांवर जातो. डॉक्टर आठवतो तो सर्वांच्या शेवटी. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या 1976 च्या मराठी चित्रपटात हाच प्रवास आहे. मेलेल्या माणसाच्या भुताने घर हादरते. आणि ते भूत आशा काळे यांच्या इंदूच्या मनातच वसले आहे, असे शेवटी उघड होते. काशिनाथ घाणेकरांचा डॉक्टर तेथे मांत्रिकाची जागा घेतो. लोकशिक्षण म्हणून ही कामगिरी लहान नव्हे.

त्याआधी, 1967 साली, ‘रात और दिन’ या हिंदी चित्रपटात नर्गिसने दुभंगलेल्या स्त्रीची भूमिका केली व तीबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिवसाची वरुणा ही मर्यादशील गृहिणी. रात्री तीच पेगी होऊन कलकत्त्याच्या मद्यगृहांत नाचते. येथे दडवादडवीची गरजच नाही. दुसरी जे जे करते, ते ते पहिलीला कधी करू दिलेले नव्हते, हे प्रेक्षागृहातील स्त्रियांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. नॉर्मनबद्दलच्या दयेहून ही दया पुष्कळ अस्सल आहे.

तथापि या सर्वच कथांत एक खोट राहते. रहस्यपटाला धोका हवा असतो, म्हणून रोगी हा धोकादायकच ठरतो. वस्तुतः तीव्र मनोविकाराचे रोगी दुसऱ्यावर हात उचलतात त्यापेक्षा स्वतःच इतरांच्या मारहाणीला अधिक बळी पडतात. एका शरीरात दोन माणसे नांदणे हा प्रकार विरळा. भास होणारा छिन्नमनस्कता हा आजार अगदी वेगळा, आणि पुष्कळ अधिक आढळणारा. पण पडद्याने या दोहोंची अशी काही गल्लत करून ठेवली आहे, की सुशिक्षितही एकाचे नाव दुसऱ्याला देतात. शिवाय बालपणीचे गुपित फुटले की रोग बरा, हेही पडद्यावरच. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागतात, ती घ्यावयास रोगी नाकारतो, आणि घरातले थकतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (2004) हे थकणे आहे. अतुल कुलकर्णी यांचा शेष छिन्नमनस्कतेने ग्रस्त आहे. गावची देवराई आणि मनातले भास त्याला वेगळे करता येत नाहीत. सोनाली कुलकर्णी यांची बहीण त्याला आपल्या घरी आणते, आणि तिच्या संसाराची जी ओढाताण होते, ती पाहताना कोणत्याही रहस्यपटाइतकाच जीव टांगणीला लागतो. कॅनडात प्राध्यापकी केलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता आणि त्याविषयी ते उघडपणे बोलत, लिहीत. या चित्रपटामागे त्यांचे साहाय्य होते. त्यात खून एकही नाही.