वेळासची कासवे

ससा आणि कासवाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. उर्दूत आपण ज्याला ‘कछुआ’ म्हणतो, तेच मराठीतले कासव. गोष्टीतले कासव शर्यत जिंकते. पण समुद्रातल्या खऱ्या कासवाची शर्यत फार अवघड असते. ती जिंकण्यासाठी एका गावाने त्याला कशी मदत केली, ते आता वाचू या.

आपल्या जालन्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे छोटे गाव आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वेळासच्या किनाऱ्यावर येतात. मादी रात्रीच्या वेळी वाळूत खड्डा खणते. त्यात ती शंभराहून अधिक अंडी घालते, खड्डा वाळूने बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा अंड्यांकडे येत नाही. वाळूच्या उबेने ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात.

परंतु तोवर अंडी सुरक्षित राहतील कशी? कोल्हे आणि कुत्री ती उकरून खात. माणसेही खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी अंडी काढून नेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. या कायद्याने अशी अंडी नेणे गुन्हा ठरते. पण अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर पहारा कोण देणार?

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या किनाऱ्यावर आले. ते समुद्री गरुडाची घरटी शोधत होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली. अंडी कोठे सापडतात, हे गावकऱ्यांनाच ठाऊक होते. तीच माहिती आता अंडी वाचवण्याच्या कामी आली.

गावातील माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली. कासवाच्या पावलांच्या खुणांवरून ती घरटे शोधत. अंडी जपून उचलून, जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवली जात. अंड्यांची संख्या व तारीख लिहून ठेवत. पिले निघाली की त्यांना पाण्याजवळ सोडत. मात्र कोणी उचलून पाण्यात टाकत नसे. वाळूवरची ती छोटी वाटचाल पिलांनी स्वतःच करायची असते.

२००६ पासून वेळासला ‘कासव महोत्सव’ होऊ लागला. पिले पाहायला दूरदूरचे लोक आले. ते गावकऱ्यांच्या घरी राहिले, तेथेच जेवले. त्यामुळे गावाला चार पैसे मिळू लागले. ज्या अंड्याची किंमत एका जेवणाएवढी होती, त्याच अंड्यामुळे अनेक घरांना रोजगार मिळाला. पुढे कोकणातल्या इतर गावांनीही हे काम हाती घेतले.

मुलांनो, कायदा आवश्यक आहेच. पण ज्यांच्या अंगणात प्राणी राहतो, त्यांनी त्याला आपले मानले तरच तो वाचतो. म्हणूनच २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व शहरोशहरी समित्या नेमण्यास सांगितले आहे. आपल्या भागातील झाडे, पशू, पक्षी यांची नोंदवही लोकांच्या मदतीने तयार करणे हे या समित्यांचे काम आहे.

नवीन जालन्याला घाणेवाडीच्या तलावाचे पाणी मिळते. हिवाळ्यात मराठवाड्याच्या तलावांवर दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांत चक्रवाक, म्हणजे उर्दूतला ‘सुरखाब’ही असतो. तुमच्या तलावावर कोणते पक्षी येतात? कधी येतात आणि कधी जातात? एक वही घ्या आणि लिहायला लागा. वेळासच्या कामातही तारीख आणि संख्या लिहिणारी अशीच एक वही होती.

शब्दार्थ
बुजवणे – भरून टाकणे. टरफल – अंड्याचे वरचे कवच. कुंपण – जागेभोवती घातलेली आड. रोजगार – पोट भरण्याचे काम

स्वाध्याय
१. मादी कासव अंडी कोठे व कशी घालते?
२. कायदा असूनही अंडी का वाचत नव्हती?
३. तुमच्या परिसरातील पाच पक्ष्यांची नावे मराठीत व उर्दूत लिहा.